सुक्या बांगड्याचं काय?

हेडलँड सडा, मुरगाव
श्रावण

प्रिय मंदा,

"तुझी भाची सायकॉलॉजीत एमए करते म्हणजे नेमकं करते काय, ते एकदा नीट लिही," असं तू मागच्या पत्रात दटावलं होतंस. लिहिते. तिला माणसांची नीती किती सैल आहे ते मोजायचं आहे. हसू नकोस. त्यासाठी छापील प्रश्नावली आहे, तिला आकडे आहेत आणि त्या आकड्यांची सरासरी निघते. गेला महिनाभर ती फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आमच्या सगळ्या गोतावळ्यात फिरते आहे. पेडण्याची मावशी, डिचोलीचे काका, वास्कोतले शेजारी, कुणी सुटलं नाही. मी तिची सारथी, त्यामुळे उत्तरं देणाऱ्यांचे चेहरे पाहायला मिळाले. आकड्यांपेक्षा चेहऱ्यांवरच जास्त होतं, असं माझं मत. ते तिला पटत नाही.

या धंद्यातली सगळ्यात गाजलेली यादी 'वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे'ची. काम १९८१ साली सुरू झालं, रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानं ते जगभर नेलं, आणि भारतात ते १९९० पासून होतं आहे. त्यात एक कार्ड हातात देतात, त्यावर १ ते १० आकडे. १ म्हणजे 'कधीच समर्थनीय नाही', १० म्हणजे 'नेहमीच समर्थनीय'. मग एकेक कृत्य वाचून दाखवायचं. हक्क नसताना सरकारी लाभ घेणं, गाडीचं भाडं चुकवणं, कर बुडवणं, लाच घेणं, घटस्फोट, गर्भपात, लग्नाआधीचे संबंध, समलिंगी संबंध, वेश्याव्यवसाय, आत्महत्या, इच्छामरण. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. आकडे मोठे तर माणूस सैल, लहान तर कडक.

तुमच्या डिचोलीत काकांनी चष्मा लावला, कार्ड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे दहापैकी गुण द्यायचे?" लाचेला त्यांनी चार दिले. मग म्हणाले, "काम झालं असेल तर सात घाल." भाचीनं सांगितलं की काम झालं की नाही ते प्रश्नात नाही. "मग प्रश्नच अर्धा आहे," काका म्हणाले. भाडं चुकवण्यावर तर त्यांनी उत्तरच नाकारलं. आपल्या खासगी बसमध्ये कंडक्टर पैसे घेतो आणि तिकीट देत नाही, तेव्हा नक्की कोण कुणाला चुकवतो ते आधी ठरवा, हे त्यांचं म्हणणं. मला ते बिनतोड वाटलं.

पुढे अभ्यासकांनी या आकड्यांची छाननी केली तेव्हा त्यांनाही दिसलं की ही एक यादी नाहीच. लाच, कर, भाडं हे एका बाजूला गोळा होतात, आणि घटस्फोट, गर्भपात, शरीरसंबंध दुसऱ्या बाजूला. एकीकडे सैल असलेला माणूस दुसरीकडेही सैल असेल असा काही नेम नाही. डिचोलीचे काका पैशाच्या बाबतीत ऐसपैस आणि घटस्फोटाच्या बाबतीत लोखंडी. त्यांची सरासरी काढली तर मध्यम माणूस निघतो. तू त्यांना ओळखतेस, ते कशातच मध्यम नाहीत.

आता पेडण्याची गोष्ट सांगते, ती तुला आवडेल. भाचीनं एक जुना प्रश्न मुद्दाम घातला होता. रिचर्ड श्वेडर या मानववंशशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात भुवनेश्वरमधल्या आणि शिकागोच्या हाइड पार्कमधल्या लोकांना ३९ प्रसंग सांगून विचारलं होतं, यात चूक काय आणि किती. त्यातला एक प्रसंग असा की एक विधवा आठवड्यातून दोनतीनदा मासे खाते. शिकागोवाल्यांना यात प्रश्नच दिसेना, ज्याचं ताट त्याचं. भुवनेश्वरच्या ब्राह्मणांना मात्र ते मोठं पाप. मासे उष्ण, त्यानं वासना चाळवते, नवऱ्याच्या आत्म्याचा अपमान होतो. तिथल्या लहान मुलांच्या लेखी सगळ्या ३९ प्रसंगांत सर्वांत वाईट ठरला तो थोरला मुलगा, ज्यानं बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी केस कापले आणि कोंबडी खाल्ली. कोंबडीचं समजू शकते. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत अग्नी देणाऱ्याचं क्षौर करतातच की! तोच वस्तरा तिकडे पाप आणि इकडे विधी.

तर विधवेचे मासे. मावशी ८० च्या पुढची, स्वतः विधवा. तिच्यासमोर हा प्रश्न वाचताना भाचीचा आवाज बारीक झाला. मावशीला काही वाटलं नाही. तिनं उलट चौकशी सुरू केली. "कोण गो ती? वय किती?" प्रश्नात नाही. "पोरं आहेत?" तेही नाही. "घर तिचं की दिराचं?" मग जरा थांबून, "स्वतः मागून खाते, की सून वाढते?" भाचीनं विचारलं, त्यानं काय फरक पडतो? मावशी म्हणाली, मागून खाल्लं तर ते तिचं, सुनेनं ताटात वाढलं तर टाकायचं कसं, अन्न आहे. आणि मग सगळ्यात अवघड सवाल आला, "ताजें की सुकें?" कारण सुका बांगडा विस्तवावर भाजून पेजेबरोबर घेतला तर ते तिच्या हिशेबी 'नुस्तें', म्हणजे मासळी, नव्हेच, ते तोंडी लावणं.

मावशीची सासू तरुणपणी विधवा झाली आणि तिनं मरेपर्यंत मासळीला हात लावला नाही. गोव्यात हे सोडणं म्हणजे काय सोडणं, ते तुला वेगळं सांगायला नको. मावशी स्वतः किती वर्षं पाळत होती आणि कधी पाळायची थांबली, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिची सून मात्र तेवढा वेळ चुलीकडे तोंड करून हसत होती. फॉर्मवर भाचीनं काय लिहिलं असेल? 'उत्तर नाही.' श्वेडरलासुद्धा मावशी मिळाली असती तर त्याचे ३९ प्रसंग दोनशेवर गेले असते.

तसं पाहिलं तर आपल्या लोकांची नीती पुष्कळदा वारावर आणि ठिकाणावर ठरते. सोमवारी शिवराक (शाकाहारी), मंगळवारी बाजारात सगळ्यांच्या आधी. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला व्रत धरून जाणारे धोंड आठव. एरवी संध्याकाळी ज्याला बारशिवाय वाट सापडत नाही, तो व्रताच्या दिवसांत थेंबाला शिवत नाही, तळीवर आंघोळ करतो, हातानं रांधून खातो, आणि निखाऱ्यातून पार होऊन आला की पुढल्या आठवड्यात पुन्हा त्याच बाकावर. तो सैल की कडक? त्याला कधी विचारलं, यावर आकडा अवलंबून. आत्ताच बघ, मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, खारीवाड्यावर ट्रॉलर लागतात, आणि इकडे श्रावण. वास्कोतलं निम्मं शहर बांगड्यांचा ढीग नुसता बघून पुढे दामोदराच्या सप्ताहाच्या फेरीत शिरतं.

ठिकाणाचं तर विचारूच नको. २०१३ मध्ये प्यू या अमेरिकन संस्थेनं ४० देशांत आठ गोष्टींबद्दल विचारलं, त्यात दारू आणि जुगार होते. त्यांनी एक शहाणपणा केला. योग्य आणि अयोग्य यांच्या जोडीला 'हा नीतीचा प्रश्नच नाही' असाही एक रकाना ठेवला. हा रकाना बहुधा गोंयकारासाठीच असावा. फेणीत नीती कसली? पण तीच बाटली पत्रादेवीच्या पलीकडे गेली की बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाडीची डिकी उघडून बघतात आणि पेपरात फोटो येतो. गोव्यात २१ वर्षांच्या पोराला जे चालतं त्यासाठी महाराष्ट्रात २५ पुरी व्हावी लागतात, शिवाय परवाना. बाटली तीच, माणूस तोच.

जुगाराची तऱ्हा आणखी न्यारी. १९७६ च्या कायद्यानं गोव्यात जुगार बंद. मग १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट करून दिली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना. आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोंयकारांना कॅसिनोत मज्जाव. म्हणजे त्या १ ते १० च्या कार्डावर सरकारचं उत्तर काय? पर्यटक खेळला तर १०, गोंयकार खेळला तर १. मला यात ढोंग दिसतं. माझ्या भाचीला यात 'फार स्वच्छ उदाहरण' दिसतं, ती कालपासून नाचते आहे. आणि पेडणे-डिचोलीकडच्या जत्रांत नाटकाच्या मंडपामागे जे पट बसतात, त्यांची गणती कशातच नाही. आमच्या एका चुलतभावानं जुगाराला १ गुण दिला. दर जत्रेला तो कुठे असतो ते सगळ्या वाड्याला ठाऊक.

यावरून दुसरा मुद्दा निघतो, माणसं खोटं बोलतात. मानसशास्त्रज्ञांना ते पहिल्यापासून माहीत आहे. १९६० मध्ये क्राउन आणि मार्लो या दोघांनी ३३ वाक्यांची एक यादी केली, लोक स्वतःला किती साळसूद दाखवतात ते पकडण्यासाठी. त्यातलं पहिलंच वाक्य असं की मत देण्याआधी मी प्रत्येक उमेदवाराच्या पात्रतेची कसून चौकशी करतो. याला 'हो' म्हणणारा बहुधा स्वतःला रंगसफेदी करतो आहे असं धरायचं. आमच्या वाड्यावर सगळे 'हो' म्हणाले. अगं, २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, क्रूसापाशी आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या होत्या, आणि सप्टेंबरात अकरा आमदारांतले आठ भाजपमध्ये गेले. तिन्ही धर्मांचे देव साक्षीला ठेवून घेतलेली शपथ जिथे फुकट गेली, तिथे पेन्सिलीनं भरलेल्या फॉर्मची काय कथा?

अशीच एक सापळ्याची ओळ दुसऱ्या प्रश्नावलीत आहे. जॉनथन हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नीतीचे पाच पाये मानून प्रश्नावली तयार केली. काळजी, न्याय, निष्ठा, अधिकाराचा मान, शुचिता. त्यात मध्येच विचारतात की बरंवाईट ठरवताना तो माणूस गणितात हुशार आहे की नाही हे तुम्ही किती महत्त्वाचं मानता? ज्यानं 'खूप' लिहिलं त्यानं प्रश्न वाचलाच नाही असं समजून त्याचा फॉर्म बाद. आमच्या भावोजींनी ३० वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. त्यांनी प्रश्न दोनदा वाचला आणि 'अत्यंत महत्त्वाचं' वर गोल केला. भाचीनं फॉर्म बाद केल्याचं अजून त्यांना कळलेलं नाही, तूही कळवू नकोस.

हाइटचं एक काम मात्र मला मनापासून आवडलं. १९९३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी त्यानं फिलाडेल्फियात आणि ब्राझीलच्या रेसीफे, पोर्तो आलेग्री या शहरांत (आपल्या जुन्या पोर्तुगीज भावकीतला देश!) लोकांना गोष्टी सांगितल्या. एका बाईनं जुना राष्ट्रध्वज कापून त्याच्या चिंध्यांनी संडास पुसला, कुणाचं काही बिघडलं नाही. चूक झाली का? शिकलेले सुखवस्तू लोक दोन्ही देशांत म्हणाले, विचित्र आहे पण चूक नाही. गरीब लोक दोन्ही देशांत म्हणाले, चूकच. देशापेक्षा वर्गाचा फरक मोठा निघाला. वास्कोत आमच्या सड्यावर आणि खालच्या बंगल्यांत मला हेच दिसतं. 'ज्याचं त्याला' हे वाक्य म्हणायला पाठीशी थोडी शिल्लक लागते.

मघाशी म्हटलं त्या खोटेपणावर उपाय आहेत, त्यातला एक आपल्या मुलखातला. पुण्याच्या वस्त्यांत आणि आसपासच्या खेड्यांत, आणि नंतर २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत, तरुणांना लग्नाआधीच्या संबंधांबद्दल विचारलं गेलं. आधी तोंडी. मग शेवटी एक कोरं कार्ड, त्यावर फक्त खूण करायची, पाकिटात घालून स्वतः चिकटवायचं, मुलाखत घेणाऱ्यालाही दिसणार नाही. तोंडी 'नाही' म्हणालेल्यांतले काही पाकिटात 'हो' म्हणाले. दुसरा उपाय १९६५ मध्ये वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं सुचवला, त्याचं सोपं रूप भाचीनं मला शिकवलं. प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून 'हो' म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. शंभरातले साधारण ५० नाण्यामुळेच 'हो' म्हणणार. एकूण ७० 'हो' आले, तर उरलेल्या ५० पैकी २० जणांचं 'हो' खरं, म्हणजे ४० टक्के. कुणाचं खरं ते कुणालाच कळत नाही. मटक्याच्या प्रश्नाला हा प्रयोग करून बघितला तेव्हा काकांनी नाणं उडवलं, ते खाटेखाली गेलं, आणि ते म्हणाले, "हो लिही, शोधत कोण बसतो."

असली चौकशी परक्यांकडून आलेलं खूळ आहे, असं आमच्या शेजारणीचं मत. तिला मी मालवणच्या गो. स. घुर्यांचं नाव सांगितलं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक, संस्कृताचे पंडित. त्यांनी १९३८ च्या सुमारास मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक सवयींची पाहणी करून निबंध वाचला. अमेरिकेत याच विषयावर किन्सीचा पहिला ग्रंथ आला १९४८ मध्ये. पेडण्याहून मालवण किती लांब? आणि त्याच मुंबईत र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले होत होते. विचारण्याची परंपरा आपलीच आहे, शिक्षा करण्याचीही.

इथवर वाचून तू म्हणशील, शैला पेडण्याच्या मावशीच्या पक्षात गेली, सगळं 'परिस्थितीवर' सोडून मोकळी झाली. तसं नाही, मंदा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारतात की नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का, आणि तिथे परिस्थिती देतात. न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासूसासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशी सात कारणं. २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या ४५ टक्के बायकांना यातलं निदान एक कारण पटलं. पुरुषांत ४४ टक्के. म्हणजे 'कोण, कुठे, कशासाठी' हे विचारणं नेहमीच शहाणपणाचं नसतं, कधी ते मार खाण्याला दिलेलं कारण असतं. मावशीला मी हा प्रश्न मुद्दाम विचारला. सुनेनं ताटात वाढलेल्या मासळीचा चार बाजूंनी विचार करणारी मावशी इथे एका क्षणात म्हणाली, "एक घाल. शून्य आहे का?" शून्य त्या कार्डावर नाही.

आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की या याद्यांतली सगळी पापं एकट्यादुकट्याची आहेत. बिछान्यातली, खिशातली. २०१२ मध्ये शहा आयोगानं गोव्यातल्या बेकायदा खाणींचा आकडा सुमारे ३५ हजार कोटींवर नेला, खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. तुझ्या डिचोलीतून रात्रंदिवस ट्रक गेले, बार्जेसनी मांडवीतून खनिज आमच्या बंदराला आलं, जहाजं भरली. काकांचे दोन ट्रक होते, कर्जाचे हप्ते होते. त्यांना मी विचारलं, याला किती गुण? ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मी एकटा होतो का?" खरंच नव्हते. पण सगळे मिळून करतो त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? आमच्या सड्यावर खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं तर कोळशानं काळं होतं. त्यालाही प्रश्नावलीत जागा नाही. वेश्याव्यवसायाला मात्र आहे, आणि वास्कोत त्याला सगळे १ देतात. इथली बायणाची वेश्यावस्ती २००४ च्या जूनमध्ये, तोंडावर पाऊस असताना, बुलडोझरनं पाडली. तोवर तिथल्या खोल्यांचं भाडं कोण घेत होतं, ते कुणी विचारलं नाही. बायकांना पावसात कुठे जाणार हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

भाचीला हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, तुला प्रबंध नको, भाषण हवंय." असेल. पण तिनं काल रात्री बसून फॉर्म बदलला आहे. विधवेच्या प्रश्नाचे आता चार झाले, त्यातल्या एकात सून आहे. सुक्या बांगड्याला तिनं ठाम नकार दिला, गाइड हसतील म्हणाली.

तिला परदेशातले वीसेक फॉर्म हवे आहेत. सोबत गठ्ठा पाठवते आहे. तिकडे इंग्लंडात, स्विंडनमधल्या आपल्या लोकांना वाट, पण सासष्टीचे आणि पेडणे-डिचोलीचे वेगवेगळे ठेव. नावं कुणी घालायची नाहीत, आणि तुझ्या नवऱ्याचा फॉर्म तू भरायचा नाहीस, मी तुला ओळखते. चवथीपूर्वी पोचले तर बरं.

तुझी,
शैला